ऑडिओक्वेस्ट ड्रॅगनफ्लाय ब्लॅक आणि रेड: चतुराचा रंग बघा, सॅम्पल रेट कळेल

सीडीवरून उतरवलेली फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) फाइल लावली की या डॅकच्या, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणाच्या, पाठीवरचा चतुर, म्हणजे चतुराच्या आकाराचा दिवा, हिरवा उजळायला हवा. विंडोजच्या लॅपटॉपला ड्रॅगनफ्लाय जोडून, कुठलंही सेटिंग न बदलता, तीच फाइल लावली तर तो अनेकदा निळा उजळतो. डॅक बिघडलेला नसतो आणि फाइलही ठीक असते. ४४,१०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने घेतलेली (हाच सॅम्पल रेट), फाइल विंडोजने वाटेत ४८,००० ची करून पुढे पाठवलेली असते, आणि दिवा तेवढंच सांगत असतो. बहुतेक स्वस्त डॅकवर हे कळायला मार्गच नसतो. इथे ते न विचारता समोर दिसतं, आणि ड्रॅगनफ्लाय विकत घेण्याचं ते पहिलं कारण आहे. आवाजाचा दर्जा हे दुसरं.

पेनड्राइव्हसारखा दिसणारा हा डॅक पहिल्यांदा २०१२ साली आला. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ते ब्लॅक आणि रेड २०१६ चे. दोन्हींत ईएसएस कंपनीची चिप आहे, दोन्ही जास्तीत जास्त २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातात आणि दोन्हींना विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मुख्य फरक जोराचा आहे: ब्लॅक १.२ व्होल्ट देतो, रेड २.१. सॅम्पल रेटच्या बाबतीत दोघांत काहीही फरक नाही, दिवेही तेच.

दिव्याची भाषा अशी. संगणक आवाज पाठवत नसतो तेव्हा लाल. ४४.१ किलोहर्ट्झला (म्हणजे ४४,१०० हर्ट्झला) हिरवा, ४८ ला निळा, ८८.२ ला पिवळा, ९६ ला फिकट आकाशी. जांभळा एमक्यूए या खास फॉरमॅटच्या फाइलींसाठी होता. टायडल या संगीतसेवेने २०२४ मध्ये एमक्यूए बंद केल्यापासून तो रंग क्वचितच दिसतो. निळा आणि आकाशी हे भर उजेडात एकमेकांत मिसळतात, ही रचनेतली खरी उणीव आहे. ४८ आणि ९६ मधला फरक दाखवायला इतके जवळचे रंग निवडायला नको होते. हाताचा आडोसा करून बघावं लागतं.

आता एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. दिवा फाइलचा रेट दाखवत नाही, डॅकपर्यंत जे पोचतं त्याचा रेट दाखवतो. म्हणून विंडोजमध्ये ९६,००० निवडून ठेवलं की यूट्यूबपासून जुन्या एमपी३पर्यंत सगळंच आकाशी दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की आवाज सुधारला. सुधारलेला काहीच नसतो. संगणकाने मधले आकडे हिशोबाने भरलेले असतात. बरोबर रंग म्हणजे मोठ्या आकड्याचा रंग नव्हे, फाइलच्या आकड्याचा रंग.

रूपांतर झालं म्हणून गाणं खराबच झालं, असंही नाही. चांगलं रीसॅम्पलिंग बहुतेकांना कानाने ओळखता येणार नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. पण ४४.१ वरून ४८ वर जाणं हे दुप्पट करण्याइतकं सोपं गणित नाही. गुणोत्तर १४७ ला १६० असं आडनिडं आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नमुना नव्याने काढावा लागतो. ते काम चांगलं झालं की घाईत उरकलं, हे त्या त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं. जे करायची गरजच नाही ते टाळता येत असेल तर टाळावं, एवढाच मुद्दा. शिवाय आवाजावर काम करणाऱ्यांना, म्हणजे जुन्या कॅसेट उतरवणाऱ्यांना, पॉडकास्ट कापणाऱ्यांना, कानापर्यंत नेमकं काय येतंय हे माहीत असणं गरजेचं असतं.

विंडोजवर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून तिथे सविस्तर. विंडोजचं ऑडिओ इंजिन सगळ्या प्रोग्रामचा आवाज एकत्र मिसळतं, आणि मिसळायचं तर सगळ्यांचा रेट एक असावा लागतो. तो एक रेट कोणता, हे प्रत्येक उपकरणासाठी एका सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून सिस्टिम, मग साउंड, तिथे खाली मोअर साउंड सेटिंग्ज. जुनी खिडकी उघडते. प्लेबॅकमध्ये ड्रॅगनफ्लायवर दोनदा क्लिक करा आणि ॲडव्हान्स्ड या पानावर या. वरच्या डिफॉल्ट फॉरमॅटच्या यादीत काय निवडलेलं आहे ते बघा. मुख्यतः सीडीची गाणी ऐकत असाल तर २४ बिट, ४४,१०० निवडा. यूट्यूब आणि सिनेमे जास्त बघत असाल तर ४८,००० योग्य, कारण व्हिडिओचा रेट सहसा तोच असतो आणि यूट्यूब वापरतं ते ओपस कोडेकही ४८ वरच उलगडतं. त्याच खिडकीत एन्हान्समेंटची सोय दिसली तर ती बंद करा.

इतकं करून एकच रेट बरोबर होतो. प्रत्येक फाइलला तिचा रेट हवा असेल तर विंडोजचं मिक्सर ओलांडून जावं लागतं, आणि त्यासाठी व्हिस्टापासून एक्सक्लुझिव्ह मोड दिलेला आहे. त्याच ॲडव्हान्स्ड पानावर खाली दोन टिक असतात: प्रोग्रामना उपकरणाचा एकट्याने ताबा घेऊ द्यावा का, आणि अशा प्रोग्रामना अग्रक्रम द्यावा का. दोन्ही चालू ठेवा. मग फूबार २००० या प्लेअरमध्ये प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट असं जाऊन उपकरणांच्या यादीत ड्रॅगनफ्लायची जी नोंद ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दाने संपते ती निवडा. १.६ आवृत्तीपासून ही सोय फूबारमध्येच आहे. जुन्या लेखांत सांगितलेला वासापीचा (विंडोजच्या याच थेट वाटेचा) वेगळा घटक आता लागत नाही. बिट डेप्थ २४ ठेवा. डीएसपी मॅनेजरच्या (आवाजावरच्या प्रक्रियांच्या) यादीत रीसॅम्पलर, म्हणजे रेट बदलणारा घटक, चालू राहिलेला नाही ना, तेही बघा. बऱ्याच वेळा सगळं बरोबर करूनही रंग बदलत नाही तो यामुळेच: कधीतरी गंमत म्हणून चालू केलेला रीसॅम्पलर तिथे तसाच असतो.

प्ले दाबण्याआधी हेडफोन कानातून काढा. विंडोजचा आवाज दहा-पंधरापर्यंत खाली आणा, मग लावा. ड्रॅगनफ्लायचा आवाज सिस्टिमच्या पट्टीवरून डॅकच्या आतच कमी-जास्त होतो, पण नवीन आउटपुट निवडल्यावर पट्टी कुठे असेल याचा भरवसा नसतो, आणि रेडचे २.१ व्होल्ट संवेदनशील इअरफोनमधून कानाला खरोखर इजा करू शकतात. फूबारची स्वतःची आवाजाची पट्टी मात्र पूर्ण वर ठेवा; ती खाली आणली की प्रत्येक नमुन्यावर गणित होतं आणि मूळ आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत जात नाहीत.

आता हिरव्या गाण्यामागे ९६ चं गाणं लावलं की आवाज क्षणभर थांबतो, चतुर आकाशी होतो आणि गाणं सुरू होतं. तो थांबा दोष नाही. डॅक जुन्या रेटवर बंद होऊन नव्या रेटवर उघडत असतो. वेगवेगळ्या रेटची गाणी एकाच यादीत सरमिसळ ठेवली की हे दर गाण्याला होतं, म्हणून अल्बमप्रमाणे लावलेलं बरं.

एक्सक्लुझिव्हची किंमतही सांगायला हवी: तेवढा वेळ बाकी सगळे प्रोग्राम मुके होतात. फूबार चालू असताना यूट्यूब उघडलं तर ते ऑडिओ रेंडरर एरर दाखवून संगणक रीस्टार्ट करायला सांगतं. रीस्टार्ट करू नका. फूबार स्टॉप करा (पॉज पुरेसा पडतोच असं नाही) आणि पान रीलोड करा. घरात एकच संगणक असेल आणि गाणं ऐकताना मीटिंगचे फोनही येत असतील तर एक्सक्लुझिव्ह तुमच्यासाठी नाही. डिफॉल्ट फॉरमॅट नीट निवडा आणि निश्चिंत राहा.

मॅकवर चित्र निराळं आहे. ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीजमध्ये ऑडिओ मिडी सेटअप नावाचा प्रोग्राम असतो. डाव्या यादीत ड्रॅगनफ्लाय निवडा, उजवीकडच्या फॉरमॅटमधून रेट बदला, आणि चतुराकडे बघा: आवाज चालू असेल तर रंग तिथल्या तिथे बदलतो. अडचण अशी की ॲपलचं म्युझिक ॲप हा रेट स्वतःहून बदलत नाही. २०२१ मध्ये ॲपलने लॉसलेस आणलं, हाय-रेज लॉसलेस २४ बिट, १९२ पर्यंत जातं, पण मॅकवर गाणं ४४.१ चं असो की ९६ चं, डॅकला तोच रेट मिळतो जो ऑडिओ मिडी सेटअपमध्ये निवडलेला असतो. लॉसलेसस्विचर नावाचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम ही उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. तो गाण्याचा रेट सिस्टिमच्या नोंदींतून ओळखतो आणि डॅकचा रेट बदलतो, त्यासाठी मॅकचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असावं लागतं. ओळखायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे रेट बदलणाऱ्या गाण्याच्या सुरुवातीला लहानशी खोट येते. आलापीने सुरू होणाऱ्या रेकॉर्डिंगला ती बोचते. अशा वेळी गाणं परत पहिल्यापासून लावा. रेट बदललेला असतो, खोट येत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. लिनक्सवर आवाज हाताळणारं पाइपवायर मुळात ४८,००० वर चालतं आणि त्याला दुसऱ्या कुठल्याही रेटची परवानगी नसते, म्हणून चतुर कायम निळा. पाइपवायरच्या सेटिंगमधल्या ‘डिफॉल्ट क्लॉक अलाउड रेट्स’ या यादीत ४४१००, ४८०००, ८८२०० आणि ९६००० हे चार आकडे घाला. ते मूळ फाइलीत नव्हे, घरच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या वेगळ्या छोट्या फाइलीत लिहा, म्हणजे अपडेटमध्ये पुसले जाणार नाहीत. मग पाइपवायर आणि त्याचा जोडीदार वायरप्लंबर रीस्टार्ट करा. तरीही रेट बदलला नाही तर ब्राउझरची एखादी टॅब आवाज धरून बसलेली असते. दुसरा प्रवाह चालू असेपर्यंत पाइपवायर रेट बदलत नाही. पीडब्ल्यू-टॉप ही आज्ञा चालवली की कोण धरून बसलंय ते दिसतं.

९६ च्या वर हा डॅक जात नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ड्रॅगनफ्लाय यूएसबी ऑडिओच्या पहिल्या वर्गात बसतो, म्हणूनच त्याला ड्रायव्हर लागत नाही. या वर्गात फुल स्पीडवर दर मिलिसेकंदाला एक पॅकेट जातं आणि त्यात जास्तीत जास्त १,०२३ बाइट मावतात. ९६ किलोहर्ट्झ म्हणजे मिलिसेकंदाला ९६ नमुने, दोन चॅनेल, प्रत्येकी ३ बाइट: ५७६ बाइट. आरामात बसतात. १९२ ला १,१५२ होतात, बसत नाहीत. १७६.४ लाही हजाराच्या पुढे ५८ जातात. म्हणजे हे बंधन चिपचं नसून वाटेचं आहे, आणि ड्रायव्हरशिवाय कुठेही चालण्याच्या बदल्यात ते स्वीकारलेलं आहे. मला हा सौदा पटतो. १९२ च्या फाइली असतील तर त्यांच्या ९६ च्या प्रती एकदाच चांगल्या कन्व्हर्टरने करून ठेवा, १७६.४ च्या असतील तर ८८.२ च्या. बरोबर निम्मं करायचं, दुसऱ्या कुळात (४४.१ च्या पटींतून ४८ च्या पटींत) न्यायचं नाही. दर वेळी वाजवताना रूपांतर करण्यापेक्षा हे बरं.

आवाज फुटतो, बारीक टिकटिक येते, अशी तक्रार असेल तर आधी यूएसबी हब बाजूला करा. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क असेल तर जवळजवळ नक्की तीच कारण असते. डॅक थेट लॅपटॉपला लावा. ड्रॅगनफ्लायचं घड्याळ त्याचं स्वतःचं असतं. नमुने किती वेगाने हवेत हे तो संगणकाला सांगतो, पण नमुने वेळेवर पोचलेच नाहीत तर घड्याळ तरी काय करणार? फूबारमध्ये बफर थोडा वाढवूनही फरक पडतो.

इथे एक वेगळा बिघाड स्पष्ट करायला हवा, कारण लोक तो डॅकच्या माथी मारतात. गाणं वरच्या पट्टीत आणि घाईत वाजतंय, असं झालं तर ते रूपांतर नव्हे. रूपांतरात सूर हलत नाही. सूर हलतो तो फाइलवरचं लेबल चुकल्याने: नमुने ४४,१०० ने घेतलेले, आणि फाइलच्या माथ्यावर ४८,००० लिहिलेलं. मग चार मिनिटांचं पद ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं, आणि पांढरी एकचा षड्ज काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या अर्ध्या वाटेवर जाऊन बसतो. कुठल्याच पट्टीत नाही. तंबोऱ्याचं ॲप लावून बघितलं की लगेच कळतं, जुळतच नाही. उलट चूक असेल तर तेच पद ४ मिनिटं २१ सेकंद रेंगाळतं. कॅसेटवरून उतरवलेल्या नाट्यसंगीतात आणि कीर्तनांत हा दोष बरेचदा सापडतो, आणि ऐकणारे टेपच्या मोटरला दोष देऊन मोकळे होतात. कधी खरंच मोटर असते. पण चूक पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास असेल तर संशय लेबलवर घ्या.

चतुर इथे काही मदत करू शकत नाही. संगणकाने ४८ म्हटलं की तो निळा होणार, लेबल खरं की खोटं हे त्याला कळायला मार्ग नाही. दुरुस्ती ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये. फाइल उघडा, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून उघडणाऱ्या मेनूमधून रेट हा पर्याय घ्या आणि ४४,१०० निवडा. यात एकही नमुना बदलत नाही, फक्त लेबल बदलतं. लगेच सूर जागेवर येतो. ट्रॅक्स मेनूमधलं रीसॅम्पल वापरू नका. ते खरोखर रूपांतर करतं आणि चुकीचा सूर कायमचा पक्का करून ठेवतं. मग ऑडिओ सेटअपमधला प्रोजेक्ट रेटही ४४,१०० करून वेव्ह फाइल एक्सपोर्ट करा. प्रोजेक्ट रेट ४८ वर राहिला तर बाहेर पडताना पुन्हा एक रूपांतर होतं.

फोनवर हे दोन्ही डॅक चालतात, वीज कमी खातात. अँड्रॉइडवर मात्र बहुतेक ॲपमधून सगळं निळंच दिसतं, म्हणजे ४८. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे विकतचं ॲप फोनचं मिक्सर टाळून फाइलच्या रेटने वाजवतं. आयफोनवर ॲपल म्युझिक रेट आपोआप बदलतं, मॅकपेक्षा तिथे सुख आहे. यूएसबी-सी फोनला आणि नव्या लॅपटॉपला जोडणीचा तुकडा वेगळा घ्यावा लागतो, कारण ड्रॅगनफ्लायचं टोक जुन्या चौकोनी यूएसबीचं आहे. इतकी वर्षं हे तसंच ठेवलं, हे पटत नाही.

घ्यावा का? इअरफोन किंवा ३२ ओहमच्या आसपासचे हेडफोन असतील तर ब्लॅक पुरतो. २५०-३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर रेड. फक्त स्वच्छ आवाज हवा आणि ४८ पर्यंतच काम असेल तर ॲपलचा साधा यूएसबी-सी हेडफोन ॲडॉप्टर कितीतरी स्वस्त आहे आणि ऐकायला अजिबात कमी नाही. त्याला दिवा नाही, एवढंच. मायक्रोफोन लावायची सोय ड्रॅगनफ्लायमध्ये नाही, हेही घेण्याआधी लक्षात ठेवा.

जुना वापरलेला घेणार असाल तर तपासायला चार फाइली घरूनच करून न्या. ऑडॅसिटीत प्रोजेक्ट रेट ४४,१०० ठेवून जनरेट मेनूतून ४४० हर्ट्झचा टोन ३० सेकंदांचा करा, आवाजाची पातळी ०.१ च्या आसपास, आणि वेव्ह म्हणून एक्सपोर्ट करा. नवा प्रोजेक्ट घेऊन हेच ४८,०००, ८८,२०० आणि ९६,००० ला करा. फाइलींना नावं रंगांचीच द्या: हिरवा, निळा, पिवळा, आकाशी. विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर नव्हे, तुमच्या लॅपटॉपवर, एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये, एकामागून एक लावा. चारही रंग आले आणि चारही वेळा टोन त्याच सुरात ऐकू आला तर डॅक ठणठणीत आहे. ९६ ला आकाशीऐवजी गुलाबीसर किरमिजी दिसला तर समोर २०१६ च्या आधीचं जुनं मॉडेल आहे, तेव्हा भाव त्याप्रमाणे ठरवा.